रूफसचा सूर

मेम्फिसमधल्या थॅडियसच्या वाद्यांच्या दुकानात अर्नेस्टीन बाकावर बसली होती. चर्चचा ॲम्प दुरुस्त होईपर्यंत ती मनातल्या मनात बुधवारच्या उपासाची प्रार्थना म्हणत होती. समोर साठीची एक बाई गिटार मांडीवर घेऊन, तिचा आवाज मोठा करणारा तिसरा ॲम्प पारखत होती.

"पहिल्याचा आवाज काचेसारखा, ह्याचा नुसता गोधडीत गुंडाळल्यासारखा."

"ओझेलाताई, गिटार धरून दोन महिने झाले नाहीत आणि कान केवढे तिखट!" थॅडियस म्हणाला.

"कान माझे कुठले? ते बाहेर गाडीत बसलेत. लकव्याने माझ्या नवऱ्याची, रूफसची वाचा गेली, उजवा हात गेला, पण कान शाबूत आहेत. त्याच्या गिटारचा असायचा तो सूर लागला, की डाव्या हाताने हॉर्न वाजवायचा, असं ठरलंय."

"अजून वाजला नाही."

"तेच तर! रविवारी चर्चमध्ये त्याच्या जागी मी वाजवायचंय. दुसऱ्याच कुणाचा सूर ऐकायला तो आत पाऊल टाकायचा नाही."

"आवाज कितीवर ठेवलाय, ताई?"

"दोनवर. लोकांना त्रास नको."

"दोनवर ॲम्पमधले हे काचेचे व्हॉल्व्ह नुसते शेकत बसतात. सहावर न्या, मग गातील."

"सहावर? अरे, तीस वर्षं मी त्याला ओरडत आले, रूफस, आवाज कमी कर!"

"करायचा?"

"मी स्वयंपाकघरात गेले की पुन्हा वाढवायचा मेला."

ओझेलाने बटण सहावर फिरवलं आणि तारा छेडल्या. फळीवरचे डबे थरथरले. अर्नेस्टीनची प्रार्थना अर्ध्यावर राहिली.

बाहेर हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.

"पुरे रे, ऐकलं मी!" ओझेला खिडकीकडे बघून ओरडली. बटण मात्र तिने सहावरच ठेवलं.