बशीएवढ्या डोळ्यांची परी

भिया, असली चेहरा कशाला म्हणतात ते मला विचारा, आपला फोटो स्टुडिओच आहे. माझी नेहा व्हिडिओ गेमसाठी पऱ्या, राक्षस बनवते. एका परीचे डोळे बशीएवढे! मी म्हटलं, “बेटा, हे कार्टून कशाला? आजकाल गेममध्ये घामसुद्धा खरा दिसतो.”

“बाबा, ही स्टाइल आहे. लोकांना आवडते.”

रविवारी तिला बघायला मुलाकडचे आले. त्याच्या आईने मी पाठवलेला फोटो पाहिला, मग नेहाला पाहिलं. “ही मोठी बहीण वाटतं? मुलगी कुठंय?”

रिश्ता गेलाच, असं मला वाटलं. नेहाने शांतपणे पोहे पुढे केले. “काकू, फोटोत बाबांची परी आहे. रिअ‍ॅलिस्टिक ग्राफिक्स मी.”

काकू काही बोलणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, “आई, राहू दे. माझ्या फोटोतले केसही यांच्याच स्टुडिओत उगवलेत.”