आंबेहळदीचा पिवळा हात

अगं, आंबेहळदीवरून आमच्याकडे, इकडे अमेरिकेत फ्रिस्कोत, काय झालं, ते ऐक तरी. आमच्या शेजारचा टायलर बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो, तोच त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण इतकी वर्षं लहान टीममध्येच अडकलेला. शेवटी मोठ्या टीमची माणसं त्याला बघायला येणार ठरलं, आणि नेमकं आदल्या दिवशी त्याचं कोपर सुजलं. मला राहवेना. मी आंबेहळद उगाळून गरम लेप लावला, आणि कमी पडायला नको म्हणून पार बोटांपर्यंत चोपडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन मॅचला गेलो. पहिली पाळी टाकून तो परत येत होता, तर अंपायरने त्याचा पिवळाधम्मक हातच धरला.

"काय झालं हो?" मी ह्यांना विचारलं.

"हाताला चिकट काही लावलं असलं तर बाहेर काढतात."

"अगं बाई! म्हणजे माझ्यामुळे?"

"नाहीतर काय! तरी म्हटलं होतं, सगळ्यांची आई होऊ नकोस."

अंपायरने त्याची बोटं चोळून पाहिली, वास घेतला. टायलरने सरळ माझ्याकडे हात केला. मी बाळाच्या टोपीमागे तोंड लपवलं. शेवटी चिकट काही नाही म्हणून त्याला खेळू दिलं, आणि तो खेळलाही छान.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. माझं इंग्रजी यथातथाच, म्हणून मी ह्यांना पुढे केलं. "विचारा ना हो, मोठ्या टीमने घेतलं का?"

ह्यांनी विचारलं आणि हसतच सुटले.

"त्यांनी अजून काही कळवलं नाही म्हणतो. पण अंपायरने विचारलंय, गुडघ्याला चालेल का?"