ओवाळणीची माती

न्हाई न्हाई साहेब, त्या चार ओळींना हात लावायचा न्हाई — ठिवा ती कात्री खाली! ठिवा म्हनते ना! साखर मोजायची तर हिकडच्या वेलींची मोजा, अख्खं रान पडलंय. काय म्हनलाव? त्या चार उपटा, त्यांचा रोग बाकीच्यांवर चढून राहिला, न्हाईतर कंपनी माल घेणार न्हाई? हं. आलाव तेव्हापासून पाणीबी पेलं न्हाई तुमी, आन लागलाव उपटायला. तुमच्या आधीचे साहेब सात वर्षं आले ह्या माळावर, कधी तारामतीला असा हुकूम न्हाई सोडला त्यांनी. बसा. दगडावर बसा, चावत न्हाई.

किती भरली साखर? एकवीस. थू! मागल्या साली ह्याच वेलींची चोवीस भरली व्हती, त्या साहेबानं दोनदा नळी डोळ्याला लावून बघितली. — माळ बघून तोंड कामून वाकडं करून राहिलाव? वाइनला असंच रान लागतं. वीतभर खणा, कुदळीतून ठिणगी निघते. पाणी पडलं की थांबत न्हाई, सरळ खाली पळतं. खाली ती काळी दिसते ना, ती आदिनाथची, मपल्या भावाची — तिथं लावा वेल, नुसता पाला माजतो, मणी टपोरे, आन आत काय? पाणी. त्यापरीस टरबूज परवडलं. इथं वर वेलीला काई भेटत न्हाई. मुळी दगडाच्या भेगात शिरते, डोकं आपटते, तवा कुठं घोटभर वल. दिवसा दगड तापतो, पौषात पहाटचा वारा असा चावतो की बास — मग मणी हरभऱ्याएवढाच राहतो, साल जाड व्हती, साखर आत कोंडते. वेलीला लाड चालत न्हाई साहेब. उपाशी ठिवायचं, तहानेनं तडफडू द्यायचं, छाटणीला पार हाडापस्तोर कापायचं — रडती, हाव, खरंच रडती, कापल्या जागी टपटप गळतं — तवा गोड व्हती. मलाबी सगळ्यांनी तसंच ठिवलं, पर म्या काई गोड झाले न्हाई.

एकदा त्या साहेबानं बाटली आणली व्हती, ह्याच माळाची. म्या चूळ भरल्यावानी तोंडात घेतली आन थुकली. मग परत घेतली, कुणी बघत न्हाई बघून. अहो, तोंडात मपला माळ! जांभळाचा तुरटपणा, आन तापल्या दगडावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो ना वास, तो. आठ दिवस मी कुणाशी भांडले न्हाई. गावाला वाटलं आजारी हाय.

हा माळ मला कसा भेटला ते न्हाई विचारलं तुमी. नवरा मेला, आठ वर्षांची पोरगी बोटाला धरून माहेरी आले, हिस्सा मागितला. तर आदिनाथनं चार पंचांदेखत हे दगड दिले, चोळी-बांगडीला म्हणून. वर काय म्हनला? म्हनला, अक्का, पीक न्हाई आलं तर दगड मारायच्या तरी कामाला येतील. सगळे खो खो हासले. म्याबी हासले. आन मनात म्हनलं, लेका, थांब तू.

थांबले. चौदा वर्षं हे दगड फोडले. नख पडलं, हे बगा, परत आलंच न्हाई. द्राक्ष लावली तवा गाव हासलं, कंपनीची गाडी पहिल्यांदा वर चढली तवा गाव गप झालं. मग आदिनाथ आला. म्हनला, अक्का, माळ मला दे, खालची काळी तू घे. आता मला सांगा, मी काय समजायचं? तुमी काय समजला असता? म्या पायरीवरून हाकलला त्याला. म्हनलं, दगड देताना लाज वाटली न्हाई, आता दगडाची चव कळली का? त्याच साली भाऊबिजेला ताटात नुसती सुपारी ठिवली त्यानं, म्हनला, ओवाळणी उन्हाळ्यात देतो.

वैशाखात ऋतुजाचं बाळंतपण निघालं, मपली पोरगी, किनवटला दिलेली. महिनाभर तिकडं. परत आले, यष्टीतून उतरले, आन रस्त्यावरूनच बघितलं — मपला माळ काळा! ह्या टोकापासून त्या टोकापस्तोर काळा! तळं आटलं की गाळ काढतात ना, लोण्यावानी मऊ गाळ, तो वेलीच्या बुडाबुडाशी, वीतभर थर. आन बाया म्हनून राहिल्या, नशीबवान गं तू तारामती, भावानं सोनं घातलं रानाला. सोनं! अहो, मपल्या वेलींच्या तोंडात माती कोंबली त्यानं! एका पावसात पाणी तुंबणार, मुळ्या कुजणार, पाला माजणार, मणी फुगणार — चौदा वर्षं मातीत! आन बोंब कुठं मारायची? ओवाळणी हाय म्हनं, भावाची माया हाय. मायेची फिर्याद कोणतं ठाणं घेतं?

आदिनाथ त्यानंतर अंथरुणातच हाय. डावं अंग गेलं, बोलणं गेलं. गाळाच्या ट्रॉलीवरून पडला, डोक्याला लागलं. लातूरला नेला तवा शुद्धीत व्हता, पोलिसाला जबानीबी दिली त्यानं — ट्रॉलीवरून पडलो. तेवढंच. तेच शेवटचं बोलला तो.

असं बघू नका. तुमची नजर त्याच चार ओळींवर कामून जाऊन राहिली?

ट्रॉली न्हवतीच. गाळ टाकून आठ दिवस झाले व्हते, कुठली ट्रॉली? तो त्या चौथ्या ओळीत उभा व्हता, हातात नारळ, आन हासत व्हता. म्हनला, बघ अक्का, फिटली का ओवाळणी? फावडं वेलीला टेकवलेलं व्हतं. म्या उचललं आन घातलं. सांगून टाकते — एक बसला तरी तो हासतच व्हता. त्याला वाटलं मस्करी. म्हनून दुसरा घातला. दुसऱ्यानं पडला, गाळात तोंड खुपसून, आन म्या तिसरा उचलला व्हता साहेब, तिसराबी उचलला व्हता — दांड्यानं दगा दिला. न्हाईतर भाऊ मारून मोकळी झाले असते.

दीपमाला, त्याची बायको, तिनं मला दवाखान्यात धरलं. मारली न्हाई. मारायला पाहिजे व्हती. म्हनली, देवणी बैलांची जोडी विकून गाळ आणला त्यांनी, आक्काबाई. म्हनत व्हते, बहिणीला दगड दिले, लोक तोंडावर बोलतात, चौदा वर्षं घास गोड लागत न्हाई. काळी देऊ केली, तीबी घेतली न्हाई तिनं. आता मातीच वर नेऊन घालतो. — अरे गाढवा! विचारायचं तरी! शेतकऱ्याच्या पोटचा, काळी माती म्हणजे लक्ष्मी एवढंच शिकलेला, त्याला काय ठावं वेलीला काय लागतं! आन मला ठावं व्हतं तर मी कधी सांगितलं का त्याला? एकदा तरी? न्हाई. मपल्या माळाची खूण कुणाला देऊन राहिले व्हते मी!

आठ महिने पाटी-पाटी गाळ खरवडला. एकटीनं. म्हनून एकवीस तरी भरली. त्या चार ओळीत गेले, अन् हात चालला न्हाई. तिथं तो पडला ना.

हाव, तिथली द्राक्षं फिकी हायेत. साल पातळ, बोट लावलं की फुटतात. पर आदिनाथला घास गिळवत न्हाई, आन हा रस जातो. इकडचा जाड सालीचा घेतला तर ठसका लागतो. पंधरा दिवस झाले, रोज वाटीभर नेते. तोंड मिटून घेतो मला बघून, मी जबडा दाबून उघडते. गिळ, म्हणते, तूच घातली ना माती, गिळ! आन गिळतो. परवा अर्ध्या तोंडानं हासला. तसाच. वाटी त्याच्या तोंडावर फेकावी वाटली. न्हाई फेकली. पदरानं पुसलं तोंड.

तर न्हाई उपटत. चढू द्या रोग. नका घेऊ माल — न्या ती नळी, न्या ते कागद. मपला माळ हाय, पुढल्या साली परत मारून-मुटकून गोड करीन. त्या चार मेल्या तरी मपल्याच. उठा आता. ऊन उतरायच्या आत मला त्याची वाटी न्यायचीय. आन जाताना तेवढं फावडं द्या हिकडं, तुमच्या पाठीमागं हाय. जपून धरा, दांडा नवा हाय. आधीचा मोडला.