जस्ताचा स्फटिक आणि आक्काचा नेम

तुमच्या परीक्षेचं काय घेऊन बसलाय? माझं अख्खं संशोधन आमच्या निपाणीच्या विहिरीत गेलंय!

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. बेळगावच्या कॉलेजातल्या माझ्या सरांनी बजावलेलं, "सुट्टीत या जस्ताच्या संयुगाचा एक चांगला स्फटिक वाढवून आण. क्ष-किरणांनी फोटो घेतला की जस्ताभोवती बाकीचे अणू कसे बसलेत ते कळेल." मी माडीवर उघड्या बशीत द्रावण ठेवलं. पंधरा दिवसांत ज्वारीच्या दाण्याएवढा सुरेख स्फटिक झाला.

निघायच्या दिवशी बघतो, तर बशी रिकामी!

"आक्का, हितलं पाणी कुठाय?"

"गाळलं की," आत्या म्हणाली. तिला घरात सगळे आक्काच म्हणायचे. आम्ही जैन. पाणी गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव परत विहिरीत सोडायचे, हा तिचा रोजचा नेम.

"अगं, आणि त्यातला खडा?"

"खडा कसला रं? रोज बघत हुते मी. तिळाएवढं हुतं, ज्वारीएवढं झालं. वाढतंय म्हंजे जीव हाय की त्यात! अलगद सोडलं हिरीत."

"आक्का, तो पाण्यात विरघळतो गं!" मी डोकं धरून रडकुंडीला आलो. तिनं पाठीवरनं हात फिरवला.

"रडतोस कशाला? तिथं पाणी लई हाय. अजून मोठं हुईल, मग काढ की!"