दोन शेर वाल

आमचं गाव खर्डीपासून आत, स्टेशनावरनं चालत निघालं तर दीड तास, आता रिक्षा जाते. भातशेती आमची, आन भात निघालं का त्याच ओलीवर वाल टाकायचे, हे आज्यापासनं चालत आलेलं. मी शेती बघून शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला जायचो, एकवीस वर्सं गेलो. आन माझी बायको सुमन, ती मुरबाडकडची. लगीन झालं तवा अंगानं काडी, पन आवनीला, भात लावायला, चिखलात उभी राहिली का बाकीच्या बाया मागं. काय सांगू तुमाला, तुमी लिवून घेताय म्हनून तिचं कवतिक सांगायलाच मी बसलोय, पन आधी माझी एक खोड सांगतो, ती कळल्याबिगर तिचं कवतिक तुमाला कळनार नाय.

मला बसवत नाय. काळजीची वेळ आली का माझे पाय मला घेऊन निघतात. पयली पोरगी व्हायच्या टायमाला हिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आत नेली, आन मी दारातनं जो निघालो तो तडक डोंगरात. सांजचा मोळी घेऊन घरी आलो तर भावकीतली म्हातारी बोलली, मेल्या, पोरगी झाली, बायको तुला तिकडं इचारते आन तू मोळी कसली आनतो. बाप गेला तवा पन तेच. बाप आत घरघर करतोय आन मी बांधावर बैलाला चारतोय. शेवटचं पानी थोरल्या भावानं पाजलं. गाव अजून बोलतं, मी ऐकतो. हिनं मातर कधी टोमना मारला नाय. एकदाच बोलली, तुमचे हात रिकामे राहिले का तुमी जाता.

मंग दोन हजार सालाच्या पुढं दोन-चार वर्सांनी हिला दम लागाया लागला. हंडा घेऊन चढ चढायची ती बाई, ओट्यावर चढली तरी बसायची. शहापूरच्या डॉक्टरनं मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवली. तिथं बोलले, लहानपनी सांधे धरून ताप यायचा त्यानं हृदयाची झडप गेली, छाती उघडून नवी बसवायला लागंल. मी इचारलं, उघडनार कशी, हाड हाय ना मधी. डॉक्टर बोलला, करवतीनं. आता मी वखारीतला मानूस, करवत काय करते ते मला इचारा. आन ही त्याला शांतपनी इचारते, किती तास लागतील? तो बोलला, चार-पाच तास धरा मावशी. ही बोलली, बरं.

ऑपरेशन बुधवारी. आयतवारी मी घरी जाऊन येनार होतो तर बोलली, येताना वाल आना, दोन शेर. मी बोललो, गो सुमन, तुझं डोकं ठिकान्यावर हाय का, इथं वालाचं बिरडं कोन शिजवनार? बोलली, आना तुमी. आनले. तर हिनं सोमवारी सकाळी ते वॉर्डातच बालदीत भिजत घातले, रातच्याला जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून खाटंखाली ठेवले. नर्स आली, बोलली, मावशी, हे काय? ही बोलली, देवाचं हाय. देवाचं बोलल्यावर कोन फेकतंय, नर्स गेली. मी मातर लई बोललो तिला. परवा छातीवर करवत चालनार आन ही मोड आनते. मला वाटलं, भ्यालीय, म्हनून असं करते.

बुधवारी आठ वाजता तिला आत घेतली. स्ट्रेचरवरनं तिनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं आन बोलली, मी येते तवर सोलून ठेवा, मोड मोडू नका. बस, तेवढंच. दार लागलं.

हिचा भाऊ रक्ताच्या कागदांसाठी खाली धावत होता, बाकड्यावर मी एकटा. जन्मात कधी वाल सोलला नव्हता. दाबला तर दानाच फुटायचा, नाय तर मोड तुटायचा. शंभरेक नासले असतील, मंग नख कुठं लावायचं ते कळलं. शेजारी एक नगरकडची बाई होती, तिचा लेक आत होता. बोलली, द्या दादा, मी पन सोलते. तिला दोन मुठी दिले. दोघं सोलतोय. दहा वाजले, अकरा वाजले, मी बसलेला. मला ध्यानात पन आलं नाय का मी बसलेला हाय.

दीडला वाल संपले. दाराकडं बघितलं, दार बंद. नगरच्या बाईचा लेक बाहेर आला, तिला तिकडं बोलावली, ती गेली. तिला दिलेले ते दोन मुठी वाल मला परत पायजे होते, खोटं नाय बोलत. दोन वाजले. आतनं एक जन धावत आला, रक्ताच्या पिशव्या घेऊन परत आत गेला. कोन काय सांगंना. आन माझे पाय उठले. कसा गेलो ठावं नाय, मी जिन्यापाशी होतो, खाली गेट दिसत होतं.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. हिनं डॉक्टरला तास इचारले. मंग दोन शेर सांगितले. बिरडं कुनाला खायाचं होतं हो? तिनं माझे हात मोजले होते. सवताच्या छातीवर करवत चालनार, आन ही बाई तीन दिवस आधी बसून हिशोब करते का माझा नवरा पळाया नको. मला जिन्यातच रडू फुटलं.

परत आलो. बाकड्यावर बसलो. सालं टॉवेलात जमवली होती, तो मांडीवर घेऊन चिवडली, एखादा वाल राहिला असंल तर. एक पन नव्हता. मंग हात मांडीवर ठेवले आन बसलो. त्या दोन तासांसारखं अवघड काम मी वखारीत केलं नाय.

चारला डॉक्टर बाहेर आला. रक्त थांबत नव्हतं म्हनून उशीर झाला, बोलला, आता झडप चांगली चालतेय. मी उठलो तर सगळी सालं फरशीवर सांडली. झाडूवाल्या मावशीला बोललो, मी उचलतो. सोललेले वाल तिलाच दिले. दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर बिरडं आनलं, मीठ जरा जास्त होतं, पन चाटून पुसून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडातली नळी काढलेली, आवाज बसलेला. मी वाकलो. बोलली, वाल पुरले?

नाय गो, कमी पडले.

तिनं डोळे मिटले. बोलली, मंग गेलात कुठं?

मी बोललो, बसलो.

रिकाम्या हातानं?

रिकाम्या हातानं.

तिनं माझं बोट धरून ठेवलं, नर्सनं बाहेर काढीपर्यंत.

त्याला आता बरीच वर्सं झाली. गोळी रोज लागते, जड काम बंद, पन आवनीला बांधावर बसून सगळ्यांना हुकूम सोडते. झडप धातूची हाय, शेजारी गप बसलं का टिकटिक ऐकू येते. मी बसतो ऐकत. घरातले वाल आता मीच सोलतो, तरी बोलते, मोड मोडला तुमी.

आमच्यातलं आधी कोन जाईल ते देवाला ठावं. पन ती आधी गेली तर पानी पाजायला दुसरा कोन शोधायला लागनार नाय. मी तिथंच असेन, हात रिकामे ठेवून. तेवढं नीट लिवा.