जांभळ्या काठाचा वाल

अन्नपूर्णा : दार लावू नका, काकू. मी भांडाले नाही आली.

केसरबाई : मोठ्याबाईची सून न तू? आमच्या पंजाबची बायको?

अन्नपूर्णा : हाव. अन्नपूर्णा. मलकापूरची.

केसरबाई : लग्नात दुरूनच पाह्यली होती तुले. अक्षता टाकल्या अन् निंघून आली. तुह्या सासूले माईत हाय का, तू इकडच्या दारी आली म्हून?

अन्नपूर्णा : नाही. त्या पडल्या आहेत. कालपासून पोटात अन्न नाही.

केसरबाई : काऊन? तब्येत बिघडली का त्यायची?

अन्नपूर्णा : तब्येत नाही. माझ्या हातून झालं, काकू. नणंदेच्या बाळंतपणासाठी आत्याबाई मलकापूरले होत्या न, काल येणार म्हणून निरोप आला. मले वाटलं, घर असं करून ठेवू की आल्याबरोबर म्हणतील, सून असावी तं अशी. सारवलं, भांडे घासले, मग मागच्या परसात गेली. तिथं सगळं वाळलेलं. मेथी वाळलेली, सांबार वाळून त्याले धने धरलेले, एक वांगं तं पिकून पिवळं झालेलं, झाडालेच लटकून होतं. त्याले लाल चिंधी बांधलेली.

केसरबाई : चिंधी बांधलेली पाह्यली अन् तरी समजलं नाही तुले?

अन्नपूर्णा : मले वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधली असेल. आमच्या घरी परस नाही, काकू. रेल्वे फाटकापाशी दोन खोल्या. भाजी बाजारातून येते. भाजीचं बी कुठून येते, हे मी कधी कोणाले विचारलंच नाही.

केसरबाई : मंग?

अन्नपूर्णा : सगळं उपटलं. वांगं म्हशीपुढं टाकलं. अन् कुंपणावर एक वाळलेला वेल होता, हात लावला की शेंगा खडखड वाजत होत्या. तो ओढून काढला, मोडला अन् चुलीत घातला. आत्याबाईच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापवलं.

केसरबाई : अगं माय वं.

अन्नपूर्णा : त्या आल्या, ऊन पाण्यानं आंग धुतलं. म्हणाल्या, पोरी, लई दिवसानं असं पाणी भेटलं. मग ओल्या केसानंच परसात गेल्या. मी मागंमागं, कौतुक ऐकाले. त्यांनी एकच विचारलं, कुंपणावरचा वाल कुठी हाय? मी सांगितलं.

केसरबाई : मारलं का तुले?

अन्नपूर्णा : मारलं असतं तं बरं झालं असतं. चुलीपाशी गेल्या, राख उकरून पाहिली, अन् तिथंच बसून राहिल्या. मी पाया पडली. मेथीचं, सांबाराचं, वांग्याचं जाऊ दे म्हणाल्या. ते बी अर्ध्या गावाकडं आहे, त्यांनीच वाटलेलं. पण वालाचं त्या कोणाले देत नव्हत्या.

केसरबाई : काऊन देत नव्हत्या?

अन्नपूर्णा : मीही तेच विचारलं. तं म्हणाल्या, ते बी माहं नव्हतं. बाकी काही सांगेचनात. मग सकाळी यांनी सांगितलं, तो वाल काकूच्या माहेरचा. म्हणून आली. एक तं माफी मागाले. अन् दुसरं, तुमच्याजवळ थोडं बी असेल तं...

केसरबाई : आत ये. उन्हात नको उभी राहू. शेंग कशी होती? पाह्यली होती का तू हिरवी असतानी?

अन्नपूर्णा : पाहिली होती न. चपटी. अन् कडेनं जांभळी, लुगड्याले काठ असते तशी.

केसरबाई : तो माह्या मायचा वाल हाय. लग्न होऊन या घरी आली तवा मायनं पदराच्या गाठीत बी बांधून देलं होतं. त्या कुंपणाशी मीच लावला. मोठ्याबाई पानी घालत, मी वेल चढवत जाओ. मंग ज्या साली महाराष्ट्र झाला त्या साली हे दोघं भाऊ वेगळे झाले अन् घराच्या मधात भिंत आली. परस तिकडं गेलं. माह्या वाट्याले ही ओसरी अन् ही फरशी.

अन्नपूर्णा : तुम्ही मागितलं नाही परस?

केसरबाई : मांगितलं. अर्धं द्या म्हटलं. तं तुह्या सासऱ्यानं चार लोकात म्हटलं, हिले लेकरू ना बाळ, हिले परस कशाले लागते? गेले ते आता, त्यायच्याबद्दल काय बोलू. पन मोठ्याबाई तिथंच उभ्या होत्या, पोरी. त्या काही बोलतीन म्हून मी त्यायच्या तोंडाकडं पाहत राह्यली. त्या दिवसापासून बोलनं बंद.

अन्नपूर्णा : मले नव्हतं माहीत.

केसरबाई : तुले कोन सांगन? मले तं वाटलं, तो वेल कवाच उपटून फेकला असन.

अन्नपूर्णा : दरवर्षी लावतात, काकू. पहिल्या बहराच्या शेंगाले घरात कोणीच हात लावाचा नाही, असं हे सांगत होते. त्या बियासाठी. मागचं उरलेलं होतं एका मडक्यात, पण त्याचं भुंग्यानं पीठ केलं. मग तुमच्याजवळ...

केसरबाई : माह्याजवळ कुठून असन? फरशीत का वाल उगवते?

मनकर्णाबाई : अन्नपूर्णा! इथं हाय का तू? साऱ्या गल्लीत पाहून राह्यली मी तुले!

अन्नपूर्णा : आत्याबाई, मी फक्त विचाराले...

केसरबाई : तिले बोलू नका, मोठ्याबाई. लेकरू हाय.

मनकर्णाबाई : मी कुठी बोलली तिले? एक शब्द नाही बोलली, तेच चुकलं. उठून पाहतो तं पोरगी घरात नाही. विहिरीवर जाऊन आली मी. डोकावून पाह्यलं. पायात वहान बी नाही घातली.

केसरबाई : बसा. अन्नपूर्णा, तो तांब्या घे, पानी दे त्यायले. अन् तू काऊन रडून राह्यली आता? इथंच तं हाय न तू.

मनकर्णाबाई : इकडं ये, बस माह्यापाशी. असं न सांगता जात नाही कोनी. समजलं?

अन्नपूर्णा : हाव.

मनकर्णाबाई : हिनं सांगितलंच असन तुले, केसर.

केसरबाई : सांगितलं.

मनकर्णाबाई : एवढ्या सालचं बी राह्यलं असतं तं...

केसरबाई : काऊन लावत राह्यल्या तुमी? भाऊजीले चालत होतं का?

मनकर्णाबाई : म्हनत, दुसरा लाव, मोठ्या शेंगाचा. मी म्हनो, ह्या मातीत हाच येते.

केसरबाई : घरात एवढं म्हनता आलं. त्या दिवशी लोकात नाही आलं.

मनकर्णाबाई : त्यायच्यापुढं लोकात आपन कवा बोललो, केसर? तू तरी बोलली का त्या दिवशी?

केसरबाई : नाही. मी बी नाही बोलली.

मनकर्णाबाई : सुभद्रा माळीण हिवाळ्यात शेंगा टाकत होती न तुह्याइथं?

केसरबाई : हाव. मोताळ्याच्या बजारातल्या म्हून.

मनकर्णाबाई : तसं म्हन, म्हून मीच सांगितलं होतं तिले.

केसरबाई : ते का समजत नाही मले? मोताळ्याच्या बजारात माह्या मायचा वाल कोन आनन?

मनकर्णाबाई : माईत होतं? अन् खात होती?

केसरबाई : एक नाही टाकली.

मनकर्णाबाई : मंग कवा भिंतीवरून हाक तरी माराची.

केसरबाई : हाक मारली असती तं वापस करा लागल्या असत्या. माहा बी काही मान होता न.

अन्नपूर्णा : काकू, त्यातली एखादी शेंग वाळून कुठी राहिली असेल?

केसरबाई : कवळ्या धाडत होत्या ह्या. कवळ्या शेंगेत बी कुठी धरते?

अन्नपूर्णा : तुमच्या माहेरी?

केसरबाई : माय गेली तवापासून सुलतानपूर नाही पाह्यलं. भाऊ बी गेला. भावजय हाय. तिनं ठेवलं असन, नसन.

मनकर्णाबाई : जाऊन पाहू.

केसरबाई : कोन, तुमी?

मनकर्णाबाई : मी, तू अन् ही. जिनं जाळलं तिनं आनाले याले नको का?

केसरबाई : पेराले अजून लई येळ हाय, मोठ्याबाई. एवढी घाई कशाची?

मनकर्णाबाई : उन्हाळ्यात भाजी भेटत नाही. तुही भावजय वालाचे दाने शिजवून टाकन न.

(त्याच आठवड्यात. सुलतानपूरच्या फाट्यावर लिंबाखाली तिघी परतीच्या एसटीची वाट पाहत बसल्या आहेत.)

अन्नपूर्णा : काकू, एकदा अजून दाखवा न.

केसरबाई : किती डाव पाहशीन? घे. सांडू नको.

मनकर्णाबाई : आपन बरोब्बर उसळीच्याच दिवशी पोचलो. अर्ध्याच्या वर भगोन्यात भिजूनच होतं.

केसरबाई : तिले काय माईत आपन येनार ते. बिचारीनं आपलं नेहमीसारखं भिजू घातलं. मडक्याच्या बुडाशी राह्यलं तेवढं भेटलं.

मनकर्णाबाई : मले घास उतरेना. एकेक दाना खातानी वाटे, हा एक वेल गेला, हा एक वेल गेला.

केसरबाई : पन दोनदा घेतली तुमी.

मनकर्णाबाई : चांगली झाली होती म्हून.

अन्नपूर्णा : काकू, पण हा तोच वाल आहे का? बी तं पुष्कळ वालाचं असं काळं दिसते, पांढऱ्या रेघेचं.

केसरबाई : काठ जांभळा हाय का, ते शेंग धरल्यावर दिसन. भावजय म्हनते, मायच्याच कुंपणावरचा. पन म्हाताऱ्या मानसाचं ध्यान. मी चव घेऊन पाह्यली. मायच्या हातची नव्हती. वाल मायचाच वाटला.

मनकर्णाबाई : अन् दुसराच निंघाला तं?

केसरबाई : तं दुसरा खाऊ.

अन्नपूर्णा : ह्या दाण्याले भोक आहे. ह्यालेही.

मनकर्णाबाई : बाजूले काढ ते, नाही तं बाकीचे बी जातीन. घरी गेल्यावर दोन उन्हं दे. मंग गोवरीची राख चाळून घे, गार झालेली, अन् तिच्यात घोळून ठेव. मडक्याचं तोंड शेणानं लिंपजो.

अन्नपूर्णा : मी? नाही आत्याबाई, तुम्हीच ठेवा. नाही तं काकू ठेवतील. माझ्या हातून पुन्हा काही झालं तं?

केसरबाई : आता काय होते तुह्या हातून? वाळली काडी दिसली तरी तू आधी सासूले इचारशीन.

मनकर्णाबाई : तुह्याजवळच राहू दे. माह्या डोळ्याले आता भुंगा बी दिसत नाही. म्हून तं मागचं गेलं.

अन्नपूर्णा : आणि लावाचं कुठं? कुंपणाशीच?

मनकर्णाबाई : कुंपणाशी दोन आळी करू. अन् एक भिंतीशी. तिकडं ऊन बी चांगलं येते.

केसरबाई : भिंतीवर चढला तं अर्ध्या शेंगा माह्या फरशीवर लोंबतीन.

मनकर्णाबाई : लोंबू दे.

केसरबाई : अन् तुमच्या बाजूच्या?

मनकर्णाबाई : त्या तोडाले ये तू. माह्याच्यानं आता हात वर होत नाही.

केसरबाई : तुमच्या घरातून यावं लागन मले परसात. चुलीपासून.

मनकर्णाबाई : मंग? रस्ता विसरली का?

अन्नपूर्णा : आत्याबाई, एसटी आली! उठा, लई गर्दी दिसते. येतानी उभ्यानंच आलो तसं नको व्हाले.

केसरबाई : बी आधी पदरात बांध, पोरी. अन् तू पुढं होऊन जागा धर, खिडकीपाशी. मोठ्याबाईले गाडी लागते, पहिल्यापासूनच.