निलगिरीचे फुटवे

पावसच्या एसटी थांब्यावर मृणाल रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत बसली होती. लग्नाला दोन महिने झाले होते आणि नवरा आठवड्यापूर्वीच बोटीवर रुजू झाला होता. शेजारी दोघी बायका बोलत होत्या.

"सवत आहे माझी ती निलगिरी, सांगते तुला."

"झाडाचा कसला मत्सर, सुलूवैनी?"

"हे बोटीवरून आले की आधी तिच्याकडे जातात. कवेत घेऊन बुंधा मोजतात. सात वर्षांत माडाच्या वर गेली, हिचे वासे होतील, हिच्या पाल्याच्या वाफेनं सर्दी पळते, एकसारखं कौतुक! मी एकवीस वर्षं त्याच घरात उभी आहे, ते कोणाला दिसत नाही."

"मग?"

"गेल्या खेपेला ते निघाले नि मी तोडूनच टाकली तिला. फोनवर रडून सांगितलं, वाऱ्यानं पडली."

"अगो बाई! रागावले?"

"छे. म्हणाले, रडू नको, निलगिरी बुंध्यातून परत फुटते. फुटली की खरंच. पाच फुटवे आले. नि आठवड्यानं एकदा फोन करणारा माणूस रोज फोन करायला लागला."

मृणालनं मांडीवरचा आपला फोन पालथा घातला.

"म्हणजे सवत परत आली म्हणा," दुसरी बाई म्हणाली.

"कसली येते? शिमग्यातच वाळले सगळे फुटवे."

"सांगितलंत त्यांना?"

तेवढ्यात सुलूवैनींच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी घाईघाईनं पदर सारखा केला.

"हां, बोला... हो तर, आत्ताच बघून आले. आणखी वीतभर वाढलेत."